हलती फळी

मुंबईतल्या एका जुन्या पारशी घराचं सामान निघालं, तेव्हा तिथलं चौरस चिनी टेबल मी घेतलं आणि टेम्पोत घालून नगरला, सावेडीत आणलं. एकोणिसाव्या शतकात कँटनशी व्यापार करणाऱ्या पारशी शेटांच्या घरांत असं सामान येई. काळपट तांबडं लाकूड, आपल्या शिसवीच्याच गोतातलं. उचलायला चार माणसं लागली. फळीखाली कंबरेसारखी आत गेलेली पट्टी, पाय शेवटी घोड्याच्या खुरासारखे वळलेले. खिळा एक नाही, सगळं कूस-सालीवर.

दिवाळीनंतर मधली फळी चौकटीत हलायला लागली. कप ठेवला की टकटक. सुतार म्हणाला, "साहेब, राहू द्या, ती हलायचीच." मीच हट्ट धरला. त्याने खाचेत चारी बाजूंनी गम भरला, खालून स्क्रू मारले. टेबल दगडासारखं झालं. आल्या-गेल्याला मी ते ठोकून दाखवायचो!

एप्रिलात, भर दुपारी, खाडकन आवाज आला. फळी उभी चिरली होती.

लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. आषाढात दार अडकतं ते यामुळेच. हे जाणून चिनी सुतार फळी चौकटीच्या खाचेत मोकळी सोडत. खालच्या आडव्या पट्ट्याही खाचेत सरकवलेल्या, चिकटवलेल्या नव्हेत. मिंग काळातही ही रीत होती. मुंबईच्या दमट हवेतून नगरच्या कोरड्या हवेत आलेली फळी आकसत होती आणि मी तिला चहूकडून धरून ठेवलं होतं.

तेव्हा असं टेबल घेताना आधी खाली वाकून पाहा. नवे स्क्रू, गमाचे ओघळ दिसले तर भाव पाडा. 'झितान' म्हणून कुणी दुप्पट पैसे मागितले तर जपून. झितान म्हणजे आपल्या आंध्रातलं रक्तचंदन, आणि त्या नावाखाली रंग दिलेलं काहीही खपवतात. घरी आणल्यावर पंख्याखाली किंवा उन्हाच्या खिडकीशी ठेवू नका. फळी हलली तर हलू द्या.

माझ्या टेबलाचा गम आता खाचेतून निघत नाही. श्रावणात त्या भेगेत पोस्टकार्ड जात नाही, वैशाखात दोन जातात.