गाजरगवताचें बीज केव्हां जागें होतें?

महाडच्या औद्योगिक वसाहतींत रस्त्यांच्या कडेस व पडीक भूखंडांत गाजराच्या पाल्यासारखीं पानें आणि बारीक पांढरीं फुलें असलेलें झुडूप आपण पाहिलें असेल. हेंच गाजरगवत, ऊर्फ काँग्रेस गवत. मूळचें हें मेक्सिकोच्या आखाताभोंवतालचें. पुण्यास तें १९५५ सालीं आढळलें. अमेरिकन गव्हांतून आलें असें लोक सांगतात. परंतु भारतांत त्याची नोंद एकोणिसाव्या शतकांतच झालेली आहे, तेव्हां सर्व दोष गव्हास देणें बरें नव्हे. मालमोटारींच्या चाकांचा चिखल व वाहतें पाणी यांबरोबर त्याचीं बीजें गांवोगांव जातात.

एका जोमदार झाडास १५,००० हून अधिक बीजें येतात. तीं सर्व एकदम कां उगवत नाहींत? बीजाच्या टरफलांत अंकुर रोखणारीं द्रव्यें असतात, व तीं पाण्यांत विरघळतात. वळवाच्या एका शिंतोड्यानें तीं पुरतीं धुतलीं जात नाहींत. झडीचा पाऊस लागतो. जणूं बीजास पाऊस मोजतां येतो! उष्णताही मध्यम हवी. सुमारें २२ ते २५ अंश सेंटिग्रेड त्यास फार मानवते. वैशाखांतला तापलेला, कोरडा मुरूम त्यास नकोसा. मृगाच्या सरींनीं जमीन निवाली कीं तें उगवूं लागतें.

खोलीचा परिणाम याहून महत्त्वाचा. दोन इंचांहून खोल गेलेल्या बीजाचा अंकुर सहसा वर येत नाहीं. पण तें मेलें असें समजूं नये; पुरलेलें बीज कित्येक वर्षें जिवंत राहतें. जुलै २०२१ मध्यें सावित्रीच्या महापुरानें महाडांत गाळाचे थर आणले. अशा गाळाखालीं दबलेलें बीज निजून राहतें, आणि पुढें चर खणतांना वर आलें कीं उगवतें. नव्या बांधकामाभोंवतीं हें गवत एकाएकीं माजतें, त्याचें एक कारण हेंच.

पालकांस एक विनंती. याच्या स्पर्शानें कित्येकांच्या त्वचेस खाज सुटते, परागानें शिंका व दमा होतो. म्हणून मुलांस उघड्या हातांनीं तें उपटूं देऊं नये. रोप सुमारें महिन्याभरांत फुलावर येतें. तेव्हां आषाढांत, माती ओली असतांना, फुलें दिसण्यापूर्वीं मोठ्यांनीं हातमोजे घालून तें मुळासकट काढावें. नुसतें कापल्यास बुडख्यापासून पुन्हां फुटतें. मोकळ्या झालेल्या जागेंत टाकळ्याचें बीं टाकावें. ज्याची कोंवळी भाजी आपण पावसाळ्यांत खातों तोच हा टाकळा. तो दाट वाढला म्हणजे गाजरगवताच्या रोपांस ऊन मिळूं देत नाहीं.