खाडीकांठच्या होडीसाठीं सागाऐवजीं कोणतें लांकूड?

खाडीच्या दोन्ही तीरांवर ज्यांची जमीन विभागलेली आहे, त्यांस होडी ही चैनीची वस्तु नसून नांगराइतकीच शेतीची गरज आहे. भाताचे भारे, पेंढा, शेणखत, नारळ, प्रसंगीं वासरूंहि होडींतूनच पलीकडे न्यावें लागतें. ठिकठिकाणीं पूल झाले हें खरें. परंतु पुलापर्यंत जाऊन पुन्हां शेतापर्यंत येण्याचा वळसा इतका मोठा पडतो कीं, गाडीभाड्यांतच मालाचा नफा जिरून जातो. अशा शेतकऱ्यानें नव्या होडीविषयीं सुताराशीं बोलणें काढलें म्हणजे पहिला शब्द सागाचा निघतो, आणि वखारींतील सागाचा भाव ऐकून बहुधा तें बोलणें तेथेंच संपतें. प्रस्तुत लेखांत एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, खाडींत चालणारी होडी सबंध सागाची असण्याचें कारण नाहीं. होडीच्या निरनिराळ्या भागांस निरनिराळ्या गुणांचें लांकूड लागतें, व त्यांपैकीं बरेंचसें कोंकणांतील शेतकऱ्याच्या स्वतःच्या वरकस जमिनींत आणि परसांत उभें असतें.

सागाची थोरवी कमी लेखण्याचा हेतु मुळींच नाहीं. साग सुकतांना व भिजतांना फारसा आकसत अगर फुगत नाहीं, त्यांत स्वाभाविक तेल असतें, व लोखंडी खिळ्यांशीं त्याचें वैर नाहीं. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं १८१७ सालीं सागवानाचें बांधलेलें 'ट्रिंकोमाली' नांवाचें लढाऊ जहाज आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप पाण्यावर तरंगत आहे. परंतु महासागर ओलांडणाऱ्या जहाजाचें माप भरती-ओहोटीबरोबर अर्धा कोस जाणाऱ्या होडीस लावण्यांत अर्थ नाहीं.

शिवाय सागाखेरीज इतर लांकडांचा उपयोग ही कांहीं नवी कल्पना नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या आरंभींचें आहे. त्यांत आरमाराच्या लांकडासंबंधीं जो मजकूर आहे, त्यावरून आंबा व फणस हीं झाडें त्या काळींहि आरमाराच्या उपयोगाचीं समजत, हें स्पष्ट होतें. मात्र रयतेनें लेकरांप्रमाणें वाढविलेल्या या झाडांस सरकारी माणसांनीं हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊनच तें तोडावें, असा त्यांतील आशय आहे. म्हणजे जीर्ण आंब्याचें लांकूड होडीस घालणें हा गरिबीमुळें काढलेला तोडगा नसून आरमाराच्या जाणत्यांस ठाऊक असलेला मार्ग आहे.

आतां लांकूड किती लागतें याचा हिशेब पाहूं. अठरा फूट लांब, साडेचार फूट रुंद व दोन फूट खोल अशी होडी घेतली, तर अंगाच्या फळ्या एक इंच जाडीच्या धरून सुमारें आठ घनफूट होतात. पठाण म्हणजे तळाचा कणा, नाळ म्हणजे पुढचें उभें लांकूड, तसेंच मागचें उभें लांकूड, आणि वांक म्हणजे आंतील बरगड्या, हीं सर्व मिळून सहा घनफुटांच्या आंतबाहेर भरतात. कांठाच्या पट्ट्या व बसण्याच्या आडव्या फळ्या यांस आणखी दोन घनफूट लागतें. एकूण सोळा झालें. करवतीचा भुसा, गांठी व वांकडीं टोंकें यांत जाणारें धरून बावीस ते चोवीस घनफूट लांकूड जमवावें. यांत खरा ताण सोसणारें लांकूड तें पठाणाचें, नाळेचें व वांकांचें सहा घनफूट. तेथें कठीण व चिवट जात पाहिजे. फळ्यांस मात्र कठीणपणापेक्षां हलकेपणा, लांबी आणि न पिळटण्याचा गुण अधिक महत्त्वाचा. कित्येक ठिकाणीं याच्या उलट केलेलें दिसतें: फळ्या दणकट म्हणून ऐनाच्या आणि वांक हातीं लागेल त्या लांकडाचे! सुकलेल्या सागाचें वा आंब्याचें एक घनफूट अठरा-एकोणीस किलो भरतें, फणसाचें सतरा, आणि ऐनाचें पंचवीसच्या आसपास. आठ घनफूट फळ्या आंब्याऐवजीं ऐनाच्या घातल्या तर पन्नास किलो वजन नुसतें होडीचेंच वाढतें. म्हणजे प्रत्येक खेपेस भाताचें एक पोतें घरीं ठेवून लांकूडच वाहून नेण्यासारखें झालें.

फळ्यांकरितां आंबा आणि फणस हीं दोन लांकडें शेतकऱ्यास सर्वांत सुलभ आहेत. त्यांत फणस निःसंशय श्रेष्ठ. त्याचें गाभ्याचें पिवळें लांकूड पुढें तांबूस होतें, सुकतांना फारसें तडकत नाहीं, व वाळवीस बऱ्यापैकीं दाद देत नाहीं. दोष एवढाच कीं लांब व सरळ खोड क्वचित् मिळतें. दक्षिण कोंकणांतील रानफणस मात्र सरळ व उंच वाढतो. केरळांत यालाच अंजिली म्हणतात, आणि तेथील होड्या बांधणारे कारागीर त्यास पहिला मान देतात.

आंब्याविषयीं जरा विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. कारण रायवळ आंब्याचीं प्रचंड खोडें आजहि पुष्कळ आहेत, आणि आंब्याची होडी लवकर कुजते ही तक्रारहि सर्वत्र ऐकूं येते. तक्रार खोटी नाहीं, पण निम्मा दोष लांकडाचा आणि निम्मा हाताळणीचा असतो. आंब्याचें ओलें लांकूड गोड असल्यामुळें झाड पडल्यावर थोड्याच दिवसांत त्यांत किडा शिरतो व बुरशीचे निळे-काळे डाग पडूं लागतात. ओंडका पावसाळाभर अंगणांत पडूं द्यावा आणि सवडीनें करवतीस न्यावा, ही जी आपली रीत, तिनेंच आंब्याचा नाश होतो. झाड मार्गशीर्ष-पौषांत तोडावें, आणि त्याच आठवड्यांत फळ्या काढून घ्याव्या. तोडण्यापूर्वीं खोडावर लांकडी मोगरीनें ठोकून पाहावें. जुना आंबा आंतून पोकळ असणें ही नित्याची गोष्ट आहे, आणि बदबद आवाज आल्यास त्या खोडाची आशा सोडून फांद्यांवर नजर ठेवावी. फळ्या सावलींत, जमिनीपासून हातभर उंच, दर दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या मध्यें घालून रचाव्या व वर दगडांचें वजन ठेवावें, म्हणजे वारा सर्व बाजूंनीं खेळतो व फळी पिळटत नाहीं. टोंकांस शेण अगर डांबर फांसलें म्हणजे तीं फाटत नाहींत. फळ्या काढल्याबरोबर टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या पाण्यांत बुडवून घेतल्यास सुकेपर्यंत किडा लागत नाहीं. परंतु हीं औषधें पाण्यांत विरघळून जाणारीं असल्यामुळें होडी खाडींत उतरल्यावर त्यांचा भरंवसा धरूं नये. अशा रीतीनें रचलेली इंचभर जाडीची फळी वैशाखापर्यंत कामास येते. सालीलगतचें पांढरें लांकूड पाण्याखालच्या फळीस कधींहि ठेवूं नये; तें काढून टाकल्यानें लांकूड कमी भरतें खरें, पण वाया जाईल तर तें चुलीस तरी उपयोगी पडेल.

पठाणास जांभूळ, ऐन किंवा किंजळ घ्यावें. जांभळाचें लांकूड पाण्यांत टिकतें. ऐन बळकट खरा, पण सुकतांना फार तडकतो. म्हणून तो ओला असतांनाच हव्या त्या मापास कापून सावलींत अगदीं सावकाश सुकवावा.

वांकांची निवड हें सर्वांत कौशल्याचें काम आहे. पण शेतकऱ्यास तें नवीन वाटूं नये. लांकडी नांगरासाठीं आपण जसें स्वभावतःच बांक असलेलें लांकूड रानांत हेरून ठेवीत असूं, तसेंच येथें करावयाचें. सरळ फळींतून बांकदार तुकडा कापला तर लांकडाचे तंतु मध्येंच तुटतात आणि पहिल्याच धक्क्यास वांक तेथें मोडतो. ज्याचे तंतु बांकाबरोबर फिरलेले आहेत तो अर्ध्या जाडीचा असूनहि टिकतो. फणसाच्या व ऐनाच्या जाड फांद्या, आणि किनाऱ्यावरील उंडीचीं वांकडींतिकडीं खोडें, यांकरितां उत्तम. वखारवाला ज्या वांकड्या लांकडास सरपणाचा भाव देतो, तेंच होडीच्या कामीं सर्वांत मोलाचें असतें. बागेंतील छाटणीच्या वेळीं अशा फांद्या बाजूस काढून ठेवल्या तर दोन-तीन वर्षांत सबंध होडीचे वांक पदरचा पैसा न खर्चतां जमतात. घाटावर नदींत नाव चालविणाऱ्यांनीं याच कामीं बाभूळ घ्यावी.

वल्ह्यांस धामण, कारण ती लवचिक आहे. शिडाच्या काठीस सुरूचा सोट चालतो. उलांडीच्या होडीस बाजूचें तरंगतें लांकूड पांगाऱ्याचें अगर सांवरीचें करतात, तें हलकेंपणामुळें. पण याच हलक्या लांकडाच्या फळ्या करून होडीस लावण्याचा मोह कोणी धरूं नये.

सागच पाहिजे असा ज्यांचा आग्रह असेल, त्यांनीं नव्या सागाकडे न जातां जुनीं घरें व वाडे पाडले जातात तेथें चौकशी करावी. तेथील तुळया व वासे पिढ्यान्‌पिढ्या सुकलेले असतात. आंत राहिलेले खिळे प्रथम सर्व शोधून काढावे, नाहींतर करवतीचें पान जाईल. तुकडे आंखूड मिळतात ही अडचण तिरप्या सांध्यानें दूर होते. सांध्याचा तिरकसपणा फळीच्या जाडीच्या निदान आठपट असावा, आणि शेजारशेजारच्या फळ्यांचे सांधे एका रेषेंत येऊं देऊं नयेत.

केरळांतील आणखी एक प्रयोग येथें सांगण्यासारखा आहे. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी संस्थेनें चीक देणें थांबलेल्या रबराच्या झाडांचें लांकूड औषधांनीं मुरवून त्याच्या लहान होड्या बांधल्या. रबराचें लांकूड मूळचें अगदीं नाशवंत. तरीहि दाबाखालीं औषध आंत भरल्यानें तें या कामीं आलें. दोडामार्गाकडे व गोव्यांत रबराच्या बागा झाल्या असल्यामुळें आपल्याकडेहि हें लांकूड पुढें मिळूं लागेल. परंतु हें औषध भरण्याचें काम यंत्राचें आहे, घरच्या कुंचल्याचें नव्हे. शिवाय त्यांतील एका औषधांत संखिया असतो, तेव्हां धान्य वाहणाऱ्या होडीच्या आंतल्या अंगास तें नसलेलें बरें. फायबरच्या होड्या आतां सर्रास दिसतात. त्या कुजत नाहींत व दरवर्षीं तेल मागत नाहींत, हा त्यांचा गुण मान्य केलाच पाहिजे. पण घरच्या झाडाचें लांकूड व गांवचा सुतार ज्यास उपलब्ध आहे, त्याला रोख रकमेचा हिशेब लांकडाच्याच बाजूनें पडण्याचा संभव आहे, आणि खडकावर फुटलेली फळी गांवांतच बदलतां येते.

खाऱ्या पाण्यांतील लांकूड पोखरणारा किडा हा होडीचा मुख्य शत्रु. त्याचें शिरण्याचें भोंक टांचणीच्या टोंकाएवढें असतें, आंत मात्र तो बोटाएवढी पोकळी करीत जातो. त्यामुळें फळी वरून धड दिसून आंतून चाळण झालेली असते. सागहि यापासून सर्वस्वीं मुक्त नाहीं. यास दोन उपाय आहेत. पहिला, होडी वरचेवर किनाऱ्यावर ओढून तळ पूर्ण वाळविणें व पावसाळ्यांत शाकारलेल्या छपराखालीं ठेवणें. दुसरा, तळास काजूच्या टरफलांच्या तेलाचे हात देणें. हें तेल काजूच्या कारखान्यांत मिळतें. तें कातडीस भाजतें, म्हणून हातास खोबरेल लावून व फडकें गुंडाळूनच काम करावें. आंतून उंडीचें अगर माशाचें तेल पुरे. फळ्यांच्या फटींत कापूस ठासून त्यावर राळ व तेल यांचा लेप देण्याची जुनी रीत आहे, ती सोडूं नये.

खिळ्यांत काटकसर करूं नये. ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या लांकडांत तुरट द्रव्य असल्यामुळें साधा लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यांत लवकर झिजतो व भोंवतालचें लांकूड काळें पडून मऊ होतें. तांब्याचे खिळे, निदान जस्ताचा मुलामा केलेले, वापरावे.

झाड आपल्या जमिनींतलें असलें तरी कुऱ्हाड लावण्यापूर्वीं परवानगी घेणें अवश्य आहे. १९६४ च्या महाराष्ट्र झाडतोड अधिनियमाच्या अनुसूचींत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस व जांभूळ हीं सर्व येतात. अर्ज दसऱ्यापूर्वींच केला, तर मार्गशीर्षांत तोड करतां येते. उशीर झाल्यास तोड फाल्गुनांत जाऊन फळ्या ओल्याच पावसाळ्यांत सांपडतात आणि वरील सर्व खटपट व्यर्थ होते.

नवी होडी पाण्यांत उतरली कीं ती सर्व सांध्यांनीं पाझरूं लागते. हें पाहून घाबरूं नये व लगेच राळ ओतूं नये. होडींत अर्ध्यापर्यंत पाणी भरून ती दोन दिवस खाडींतच उथळ जागीं बांधून ठेवावी. फळ्या फुगून फटी आपोआप मिटतात. त्यानंतर पाणी उपसून पाहावें, आणि जेथें अद्याप ओल येत असेल तेवढ्याच जागेवर खडूनें खूण करून पुढील मोठ्या ओहोटीस तेथें कापूस पुन्हां ठासावा.