सोळाव्या शतकातलं युरोपीय नाणं घ्यायचंय? आधी पूर्ण खर्च मांडा

पुतळ्यांच्या जुन्या माळेत कधी कधी व्हेनिसची अस्सल सोन्याची डुकॅट सापडते. मिरी आणि कापडाच्या बदल्यात हे सोनं तांबड्या समुद्राच्या वाटेने चौल-दाभोळसारख्या बंदरांत उतरत असे. गोव्यात 1510 साली पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने स्वतःची नाणी पाडायला सुरुवात केली. त्या काळची युरोपीय नाणी जमवणं हा आपल्याच इतिहासाशी जोडलेला छंद आहे आणि मध्यमवर्गीय खिशाला तो झेपतोही. फक्त नाण्याची किंमत आणि नाणं घरी येईपर्यंतचा खर्च हे दोन वेगळे आकडे आहेत.

आधी नजर तयार करा

हैदराबादला नामपल्लीच्या बाग-ए-आममधल्या राज्य संग्रहालयात सातवाहनांपासून असफजाहीपर्यंतची नाणी आहेत. जवळच सैफाबादला जुनी टांकसाळ आहे. हातोड्याने ठोकलेलं नाणं आणि यंत्रावर पाडलेलं नाणं यांच्या कडा नीट पाहा. सोळाव्या शतकातलं बहुतेक नाणं हाताने ठोकलेलं असतं. कडा अगदी सारखी दिसली तर शंका घ्या. बारीक छिद्रं किंवा कडेवरचा सांधा दिसला, तर ती ओतीव नक्कल असू शकते.

शतांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि दहापट भिंग साधारण हजार-दीड हजार रुपयांत येतात. हा खर्च टाळू नका. क्राउझेचा जागतिक कॅटलॉग मात्र 1601 पासूनची नाणी देतो. इंग्लंडच्या नाण्यांसाठी स्पिंकचा, तर टोकनांसाठी मिचिनरचा ग्रंथ पाहा.

काय, कितीला?

• न्यूरेंबर्गचं पितळी जेटन: हे चलन नव्हतं. व्यापारी रेघांच्या पटावर या चकत्या सरकवून हिशेब करत. एका बाजूला गुलाबाभोवती मुकुट आणि लिलीची फुलं, दुसऱ्या बाजूला क्रूस असलेला गोल. क्राउविंकेल घराण्याच्या जेटनांवर कारागिराचं नावही वाचता येतं. ब्रिटनमधल्या विक्रेत्यांकडे साधारण 20 ते 50 पौंड. सुरुवात इथूनच करावी.

• पहिल्या एलिझाबेथची चांदीची सिक्सपेन्स: 1561 पासूनच्या नाण्यांवर राणीच्या मस्तकामागे गुलाब आणि मागच्या बाजूला साल असतं. वजन सुमारे 3 ग्रॅम. साल वाचता येणारी प्रत साधारण 60 ते 150 पौंड.

• व्हेनिसची डुकॅट: वजन सुमारे 3.5 ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. साडेतीनला त्या दिवसाच्या 24 कॅरेटच्या भावाने गुणा. त्याखाली कुणी देत असेल तर घेऊ नका. अस्सल नाण्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेल्या डोजचं, म्हणजे व्हेनिसच्या प्रमुखाचं, नाव वाचता येतं. दागिन्यांसाठी इथे घडवलेल्या पुतळीवर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा दिसतात. कडी जोडलेलं किंवा भोक पाडलेलं नाणं स्वस्त मिळायला हवं.

• गोव्याची तांब्याची व कथलाची बझारुको: बरीच बिनसालाची. पुरावा नसेल तर सोळाव्या शतकाचा भाव देऊ नका.

घरपोच हिशेब

समजा, लिलावात जेटन 30 पौंडांना सुटलं. युरोपात खरेदीदाराकडून साधारण 20 ते 25 टक्के कमिशन घेतात. 25 टक्के धरले तर 37.50 पौंड. विमा उतरवलेल्या टपालाचे 20 पौंड धरले, तर झाले 57.50. कस्टम त्याच्यावर. तीच पाच जेटनं एका पार्सलमध्ये मागवली तर प्रत्येकी 41.50 पडतात. म्हणून वर्षातून एकदाच, एकत्र मागवा. कस्टम वाचवायला बिलावर कमी किंमत लिहून घेऊ नका. पार्सल जप्त होऊ शकतं.

कायदा

शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. ते खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, म्हणून परदेशातल्या मुलांना भेट म्हणून देऊ नका. भारतातल्या विक्रेत्याकडे पुरावस्तू विक्रीचा परवाना मागा. जमिनीत सापडलेलं धन 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. असा माल कुणी देऊ केला तर सरळ नाही म्हणा.

प्रत्येक नाण्यासोबत बिल, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो आणि कस्टमची पावती जपून ठेवा. नाणं कधीही घासून चकचकीत करू नका. कागद नसलेलं, घासलेलं नाणं विकायला काढलं, की बहुतेकदा धातूचाच भाव हाती येतो.