पाण्याची वाट आणि गावचे पुढारी

नदी पात्रातून वाहते, परंतु तिचा हक्क पात्रापुरता नसतो. पावसाळ्यात ज्या मळीवर ती पसरते ती जमीनही तिचीच होय. ही साधी गोष्ट शहरांच्या कडेला मात्र विसरली जाते.

आपले कोगनोळी दूधगंगा व वेदगंगा यांच्या मधल्या टापूत वसले आहे. २०१९ व २०२१ साली यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर चढले व वाहतूक थांबली. तिकडे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ती २०१९ साली ५५ आणि २०२१ साली ५६ फुटांच्या वर गेली.

यावर पुढाऱ्यांची मते निरनिराळी आहेत. राजू शेट्टी यांच्यासारखे शेतकरी नेते अलमट्टीची उंची वाढवण्यास विरोध करतात आणि पुलांलगतचे मातीचे भराव काढून तेथे कमानी बांधाव्यात असे म्हणतात. कर्नाटकातील नेते उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्याचा आग्रह धरतात. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० साली तशी मुभा दिली होती. देवेंद्र फडणवीस यांनी २०१९ साली पुराचे जादा पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची कल्पना मांडली. वडनेरे समितीने मात्र २०२० च्या अहवालात अलमट्टीला दोष न देता अतिवृष्टी व पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांकडे बोट दाखवले.

धरणाचा वाद दोन राज्यांनी सोडवावयाचा आहे. पण अतिक्रमण कोणाच्या डोळ्यांदेखत होते? कोल्हापूर महानगरपालिका १९७२ साली झाली. हद्दवाढीला भोवतालच्या गावांनी वारंवार विरोध केला. घरपट्टी वाढेल, शेती जाईल, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हे. तथापि हद्द थांबली म्हणून वस्ती थांबली नाही. २०१७ साली ४२ गावांसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावे लागले. अशा कडेच्या जागेत शहराचा कायदा उशिरा पोहोचतो व मुरमाची गाडी आधी पोहोचते.

येथे थोडे गणित करू. महाराष्ट्रात पूररेषा दोन: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. "पंचवीस वर्षांनी ना? मग पाहू," असे प्लॉट घेणारा म्हणतो. परंतु याचा अर्थ दर वर्षी शंभरात ४ इतका संभव असा आहे. ३० वर्षे त्या घरात राहिल्यास एकदा तरी पाणी शिरण्याचा संभव शंभरात ७० होतो. शिवाय एकाने भराव टाकून जोते उंच केले की तेथले पाणी शेजाऱ्याच्या घराकडे सरकते.

पूर आल्यावर माणसे हलवणे कठीण असते. १९८९ च्या महापुरानंतर प्रयाग चिखली व आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या गेल्या. तरी पुष्कळ कुटुंबे जुन्या गावातच राहिली व २०१९ साली पुन्हा पाण्यात सापडली. शेत, गोठा व देवस्थान सोडून जाणे कोणालाही सोपे नसते. म्हणून घर बांधण्यापूर्वीचा नकार हीच खरी दया होय.

गावच्या पुढाऱ्याच्या हातून अलमट्टी एक इंचही खाली येणार नाही. पण ओढ्यात भराव टाकू न देणे, तशा प्लॉटला ग्रामपंचायतीचा पाठिंबा न देणे, आणि शाळा, मंदिर व मशीद यांच्या भिंतींवर २०१९ व २०२१ च्या पाण्याच्या खुणा रंगवणे त्याला सहज शक्य आहे. त्या खुणा पाहूनच मुलांनी जागा पारखावयास शिकावे, एवढीच आमची विनंती.