सूर्य आजीकडेच राहिला

बदलीचा कागद आला तेव्हा अकोल्यात पारा ४५ वर होता. जठारपेठेतल्या घरात कूलरसमोर बसून आम्ही नकाशात पोर्ट ब्लेअर शोधलं. २०२४ पासून त्याचं नाव श्रीविजयपुरम, तेव्हा जुनंच होतं. थोरला सहा वर्षांचा, धाकटी तीनची. नवजीवन एक्स्प्रेसनं चेन्नई आणि तिथून दोनेक तासांचं विमान. प्रवास सोपाच झाला. पुढचं अवघड गेलं. उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हातात असाच कागद पडला तर उपयोगी पडेल, म्हणून सांगते.

पहिला महिनाभर धाकटी रोज संध्याकाळी रडायची. सहा वाजायला आले की सुरू, “घरी चल.” आम्ही समजूत काढत होतो, खेळणी आणत होतो आणि पोरगी रमत नाही म्हणून एकमेकांवर चिडतही होतो. एकदा तिच्या रडण्यातच आजीला व्हिडिओ कॉल लावला, तर ती एकदम गप्प. फोनमध्ये अंगणभर ऊन होतं, आमच्या खिडकीबाहेर अंधार. “आजीकडे सूर्य आहे,” ती म्हणाली, “आपला कुठंय?”

आमची ट्यूब तेव्हा पेटली. अंदमान अकोल्याच्या पूर्वेला जवळजवळ सोळा रेखांश. रेखांशामागे चार मिनिटं धरली तर तासाभराचा फरक, आणि घड्याळ मात्र देशभर एकच. जूनमध्ये अकोल्यात सूर्य सातला मावळतो, तिथं पावणेसहाला. पहाटे पाचलाच लख्ख. आम्ही अकोल्याचं वेळापत्रक तसंच बांधून नेलं होतं. दुपारची झोप, दूध, वेणी, चप्पल, असं करत पोरगी दारात पोचेपर्यंत दिवस संपलेला. तिला घर आठवत नव्हतं असं नाही, पण निम्मं रडणं खेळायला न मिळाल्याचं होतं!

मग सगळं घरच तासा-दीड तासानं अलीकडे ओढलं. पाचला उठायचं, साडेअकराला जेवण, साडेतीनला अंगणात, सातच्या आत ताटं, आठला दिवे बंद. नवरा आठवडाभर कुरकुरला. पोरीचं रडणं मात्र थांबलं.

“रमत नाही” हे आपण फार लवकर म्हणतो. थोरला शाळेत जायला कुरकुर करायचा, तेव्हा मला वाटलं, मित्र नाहीत म्हणून. कारण निघालं दमट गणवेश. आपल्याकडे वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस, तिथं ३,००० च्या आसपास, आणि मे महिन्यात सुरू झालेला दिवाळीनंतरही थांबायचं नाव घेत नाही. कपडे वाळत नाहीत, बुटांना बुरशी येते. सकाळी गणवेशावर गरम इस्त्री फिरवून द्यायला लागले आणि मित्रही आपोआप मिळाले. हौसेनं नेलेलं दहा किलो ज्वारीचं पीठ कडू झालं, ते दुःख वेगळंच.

पाण्याचं काय करायचं, हे मात्र आम्हाला ठाऊकच नव्हतं. आपण वऱ्हाडातली माणसं. विहिरीजवळ जाऊ नको, एवढीच आपली शिकवण. बेटावर तेवढ्यानं भागत नाही, चारी बाजूंनी पाणीच. खाडीत, खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, म्हणून फलक वाचल्याशिवाय पाय बुडवायचा नाही, हा थोरल्याचा पहिला नियम. फलक वाचायच्या नादात त्याचं हिंदी वाचन सुधारलं. शेजारच्या काकूंनी २६ डिसेंबर २००४ ची सुनामी पाहिली होती. शहराजवळच्या सिप्पीघाटची शेतजमीन तेव्हा खचून पाण्याखाली गेली. त्या म्हणाल्या, जमीन जोरात हलली की सामान गोळा करायचं नाही, सरळ टेकडी चढायची. आम्ही एका रविवारी मुलांना घेऊन ती वाट चालून आलो. वर चिवडा खाल्ला. हे ऐकून सासूबाई फोनवर म्हणाल्या, “काऊन नेलं व माय पोट्ट्याइले तिथं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि एक गोष्ट सांगायला लाज वाटते. धाकटी बाहुलीला जेवू घालताना म्हणत होती, “जहाज नाही, टमाटर नाही, काहीच नाही इथं.” शब्द माझे, सूरही माझाच. जहाज लांबलं की भाजी महागायची आणि मी रोज आईला फोनवर तेच ऐकवायची. नंतर माझं रडगाणं मी आठनंतर, मुलं झोपल्यावर गायला लागले.

गल्लीत बंगाली, तमिळ, तेलुगू घरं आणि सगळ्यांची बोली हिंदी. मराठी ऐकायची तर आम्ही सेल्युलर जेलला जायचो. सावरकर तिथं १९११ ते १९२१ होते, त्यामुळे मराठी सहली सतत येतात. धाकटीनं एकदा एका अनोळखी आजीबाईंचा पदर धरून विचारलं, “तुम्ही अकोल्याच्या का?” त्या परतवाड्याच्या निघाल्या. मग काय, अर्धा तास!

पुढच्या उन्हाळ्यात अकोल्याला आलो. पहिल्याच दिवशी पावणेपाचला दोघंही टुणकन उठून आजीच्या उशाशी बसली. बाहेर मिट्ट काळोख. “आजी, तुझ्याकडे सूर्य कधी येतो गं?”

“कोंबडं तरी आरवू दे रे बाप्पा,” आजी म्हणाली आणि कूस बदलून झोपली.