महिन्याचा पगार, आठवड्याचा बाजार

कौटुंबिक अंदाजपत्रकात अन्नावरील खर्चाचे स्थान मोठे आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार एकूण खर्चात खाद्यपदार्थांचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के, तर शहरी भागात सुमारे ४० टक्के होता. घरभाडे, शाळेचे शुल्क व कर्जाचा हप्ता यांच्या रकमा आधीच ठरलेल्या असतात. बाजाराच्या पिशवीचे तसे नसते. म्हणून काटकसरीचा विचार बहुधा तेथूनच सुरू होतो. परंतु ताटातील घास कमी करणे म्हणजे बचत नव्हे. तेच अन्न कमी पैशात घरी आणणे आणि आणलेले वाया जाऊ न देणे, ही खरी बचत होय.

पाचव्या आठवड्याचा हिशेब

पगार महिन्याने येतो. बाजार आठवड्याने होतो. बहुतेक घरांत महिना चार आठवड्यांचा धरला जातो आणि चूक येथेच होते. समजा, एका कुटुंबाने किराणा व भाजीपाल्यासाठी दरमहा १०,००० रुपये ठरवले आणि चारने भागून आठवड्याला २,५०० रुपये खर्च केले. वर्षाची तरतूद १,२०,००० रुपये झाली. वर्षात आठवडे मात्र ४८ नसून ५२ असतात. प्रत्यक्ष खर्च १,३०,००० रुपयांवर जातो आणि १०,००० रुपयांची तूट कोणाच्याही नकळत निर्माण होते.

ही तूट बहुधा क्रेडिट कार्डावर ढकलली जाते. दरमहा ३ टक्के व्याजदर गृहीत धरल्यास थकलेल्या २,५०० रुपयांवर महिन्याला ७५ रुपये व्याज आणि त्यावर वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. शिवाय देयकाची पूर्ण रक्कम न भरल्यास नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही सामान्यतः मिळत नाही. गेल्या महिन्यात खाल्लेल्या भाजीचे व्याज या महिन्यात भरावे लागते.

यावर उपाय सोपा आहे. मासिक तरतुदीला १२ ने गुणावे व ५२ ने भागावे. वरील उदाहरणात आठवड्याची मर्यादा सुमारे २,३०० रुपये येते. अर्थात, दर आठवड्याला २०० रुपये वाचवणे क्रमप्राप्त ठरते. ते कोठून वाचवावेत, याचे तीन मार्ग पुढीलप्रमाणे.

१. पाकिटाची नव्हे, एककाची किंमत पाहावी

वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ठरावीक वस्तूंसाठी ठरावीक वजनांची जुनी सक्ती तिने काढून टाकली. त्यामुळे एकसारखी दिसणारी पाकिटे आज ८००, ८५० किंवा ९०० ग्रॅमचीही असू शकतात. त्याच दुरुस्तीने पाकिटावर एकक विक्री किंमत छापणे बंधनकारक केले. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती प्रतिग्रॅम, तर अधिक वजनाच्या पाकिटावर प्रतिकिलो असते.

उदाहरणादाखल, ९०० ग्रॅम तूरडाळ १५० रुपयांना व एक किलो १६२ रुपयांना मिळत असेल, तर पहिले पाकीट १२ रुपयांनी स्वस्त भासते. प्रत्यक्षात त्याचा दर किलोला १६६ रुपये ६७ पैसे पडतो. खाद्यतेलाच्या बाबतीत अधिक सावध राहावे. एक लिटर तेलाचे वजन साधारणतः ९१० ग्रॅम असते. एक किलो नव्हे. १४६ रुपयांची लिटरची पिशवी आणि १३९ रुपयांची ८५० ग्रॅमची पिशवी यांची तुलना वजनावर केल्यास दर किलोला अनुक्रमे सुमारे १६० व १६४ रुपये येतात. लहान किंमत दाखवणारी पिशवीच महाग ठरते.

२. वाया गेलेला मालही किमतीत धरावा

४० रुपये दराने दोन किलो भाजी आणली आणि त्यांतील ४०० ग्रॅम सडली, तर खाल्लेल्या भाजीचा दर ५० रुपये झाला. ‘दोन घेतल्यास एक मोफत’ या योजनेलाही हाच निकष लावावा. ८० रुपयांची दोन पाकिटे घेऊन तिसरे मोफत मिळाले, तर प्रत्येकी सुमारे ५३ रुपये पडतात. मात्र तिन्ही वापरली गेली तरच. गरज एकाचीच असेल व उरलेली दोन टाकून द्यावी लागली, तर त्या एकासाठी १६० रुपये मोजले असे होते. साबण किंवा मीठ अशा योजनेतून घेणे परवडते. पाव व दही क्वचितच परवडते.

सबब, बाजाराला निघण्यापूर्वी यादी करावी आणि तिची सुरुवात घरातील डब्यांपासून करावी. वेष्टनावरील तारखांचा अर्थही समजून घ्यावा. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख गुणवत्तेची मुदत सांगते. ‘यूज बाय’ अथवा ‘एक्स्पायरी’ उलटल्यानंतर मात्र तो पदार्थ खाऊ नये.

३. हंगाम ओळखावा, पर्याय ठेवावा

रब्बी कांदा मार्च ते मे या काळात बाजारात येतो व टिकतो. खरिपाचा कांदा फार दिवस टिकत नाही. साठवणीसाठी कोणता कांदा केव्हा घ्यावा, हे यावरूनच ठरते. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरून ठेवण्याच्या महाराष्ट्रातील जुन्या प्रथेमागेही हेच गणित आहे. मात्र त्यासाठी कोरडी जागा आणि रोख रक्कम हवी. कर्ज काढून साठा करणे हितावह नाही.

नाशवंत मालाला साठवणीचा उपाय चालत नाही. जुलै २०२३ मध्ये अनेक शहरांत टोमॅटोचा किरकोळ दर किलोला १०० रुपयांच्या पुढे गेला होता. अशा वेळी आमटीला चिंच किंवा आमसूल वापरणारे घर यादीतील वस्तू बदलते, जेवण नव्हे.

ग्राहकाचे हक्क

कमाल किरकोळ किमतीत सर्व करांचा समावेश असतो. आवेष्टित वस्तूसाठी त्याहून अधिक रक्कम मागितल्यास ग्राहक नकार देऊ शकतो आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवू शकतो. कमी वजन अथवा पुसलेली तारीख आढळल्यासही हा मार्ग खुला आहे. त्यासाठी पावती जपून ठेवावी.

बचतीला जागा द्यावी

आठवड्याला वाचलेले पहिले २०० रुपये ही मिळकत नव्हे. ते पाचव्या आठवड्याची तूट भरून काढतात. त्यापुढे जे वाचेल, तीच खरी शिल्लक. ती पाकिटात राहिली तर पुढच्या फेरीत खर्च होते. म्हणून तीन महिन्यांच्या पावत्यांवरून सरासरी काढावी, तेवढ्या रकमेचे आवर्ती ठेव खाते उघडावे आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी हप्ता वळता करण्याची स्थायी सूचना बँकेला द्यावी. कार्डाची थकबाकी असल्यास मात्र प्रथम ती फेडावी. ठेवीवरील कोणतेही व्याज कार्डावरील व्याजाची बरोबरी करू शकत नाही.

दरमहा ५०० रुपये, म्हणजे आठवड्याला सुमारे ११५ रुपये, पाच वर्षे भरले तर मुद्दल ३०,००० रुपये होते. वार्षिक ६ टक्के दर व तिमाही चक्रवाढ गृहीत धरल्यास मुदतीअखेर सुमारे ३५,००० रुपये हाती येतात. थेंबे थेंबे तळे साचते हे खरेच. पण त्याआधी तळ्याचे भोक बुजवावे लागते. या हिशेबात ते भोक पाचव्या आठवड्याचे आहे.