फोमचे कसरती विमान

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लखनौ शहरातील गच्च्या माणसांनी फुलून जातात. हा दिवस तेथे ‘जमघट’ या नावाने ओळखला जातो. लहानथोर सारे पतंगांच्या काटाकाटीत रंगून जातात. विमानाविषयीच्या या प्रकरणाचा आरंभ पतंगाने व्हावा, यात विसंगत असे काही नाही. भारताच्या १९३४ च्या विमानविषयक कायद्याने ‘विमान’ या संज्ञेत फुगे आणि ग्लायडर यांच्याबरोबर पतंगाचाही समावेश केला होता. पतंग आणि कसरती विमान यांचे नाते याहूनही जवळचे आहे.

मुलांच्या साध्या पतंगाला लांब शेपूट असते. शेपटामुळे तो एका जागी स्थिर राहतो. परंतु असा पतंग लढतीत निरुपयोगी ठरतो. लढाऊ पतंगाला असे शेपूट नसते. मांजा ओढून ताठ केला की वाऱ्याच्या दाबाने कमानीची टोके मागे वाकतात, पतंगाला स्थैर्य येते आणि त्याचे डोके ज्या दिशेला असेल त्या दिशेला तो सरळ धावतो. ढील दिली की कागद पुन्हा सपाट होतो, स्थैर्य नाहीसे होते आणि पतंग गिरक्या घेऊ लागतो. डोके हव्या त्या दिशेला आले की खेळाडू पुन्हा ओढ देतो. म्हणजेच अस्थिरता हा या पतंगाचा दोष नसून तेच त्याचे सामर्थ्य आहे. मात्र पतंगात जे स्थैर्य नाही ते खेळाडूच्या बोटांत असावे लागते.

रेडिओने नियंत्रित होणाऱ्या कसरती विमानाचे तत्त्व हेच आहे. शिकाऊ विमान एका बाजूला कलंडले तर आपण होऊन सावरते. कसरती विमान सावरत नाही. ज्या स्थितीत ठेवावे त्या स्थितीत ते राहते. उलटे केले तर उलटेच उडत राहते.

वजनाचा हिशेब

आपण ८० सेंटिमीटर लांबीच्या पंखाचे एक विमान उदाहरणादाखल घेऊ. पंखाची सरासरी रुंदी २५ सेंटिमीटर धरल्यास क्षेत्रफळ २,००० चौरस सेंटिमीटर होते. वजनाची वाटणी साधारणपणे पुढीलप्रमाणे करता येईल : फोम ६० ग्रॅम, मोटर २२, तिचा वेगनियंत्रक ८, तीन सर्व्हो मिळून १५, ग्राहक यंत्र ५, बॅटरी २८ आणि पंखा, कार्बनच्या काड्या, तारा व गोंद मिळून २२. एकूण वजन १६० ग्रॅम.

इतके हलके विमान ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने, म्हणजे धावणाऱ्या माणसाच्या गतीने, हवेत तरंगू शकते. आता समजा, निष्काळजीपणामुळे वजन दुप्पट झाले. तेवढ्याच पंखावर तरंगण्यासाठी वेग सुमारे १.४ पट लागेल. आघाताची ऊर्जा वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. म्हणून विमान जमिनीवर आदळताना ती चौपट होईल. हलके विमान पडते तेव्हा बहुधा फोमला चीर जाते आणि थोड्या गोंदाने काम भागते. जड विमान पडते तेव्हा ते मोडते आणि कोणाच्या अंगावर पडले तर इजा करते. प्रत्येक भाग तराजूवर तोलून घ्यावा, असा आग्रह धरला जातो तो याच कारणाने.

बांधणी

फोमचे अनेक प्रकार आहेत. पॉलिस्टायरीनचा ‘डेप्रॉन’ हा प्रकार ताठ व हलका असतो, परंतु चटकन तुटतो. शिवाय साधा झटपट गोंद त्याला विरघळवून टाकतो. पॉलिप्रॉपिलीनचा फोम, ज्याला ‘ईपीपी’ म्हणतात, थोडा लवचिक असतो व धक्का सोसून पूर्वस्थितीत येतो. नवशिक्याने सहा मिलिमीटर जाडीचा ईपीपी पसंत करावा.

या विमानाचे अंग पोकळ नसते. एक आडवा आणि एक उभा असे दोन सपाट तक्ते एकमेकांत खोचून ते तयार होते. समोरून पाहिल्यास त्याचा आकार अधिक चिन्हासारखा दिसतो. पंखही सपाटच असतो. वरची आणि खालची बाजू सारखीच असल्याने सरळ व उलट्या उड्डाणात त्याचे वर्तन एकसारखे राहते. पतंगाच्या कागदाला बांबूच्या काड्या जो ताठपणा देतात, तोच येथे कार्बनच्या पट्ट्या देतात. पंखात एक पट्टी आडवी बसवावी आणि पंखापासून अंगापर्यंत बारीक काड्यांचे तिरपे आधार द्यावेत. हे करताना पंख व शेपटीचा आडवा भाग परस्परांना समांतर आहेत ना, हे पुन:पुन्हा पाहावे. येथे राहिलेला पीळ पुढे हवेत दूर करता येत नाही.

पंखावरील एलेरॉन, शेपटीवरील एलिव्हेटर आणि उभे सुकाणू असे तीन हलते भाग असतात. कसरतींसाठी ते मोठे ठेवतात व ४५ अंशांपर्यंत वळू देतात. आरंभी मात्र याच्या निम्म्याने वळतील अशी योजना करावी. मोटर विमानाच्या वजनाच्या किमान दीडपट रेटा देणारी असावी. तसे असले तरच नाक आकाशाकडे करून विमान केवळ पंख्याच्या बळावर हवेत टांगल्यासारखे उभे राहू शकते.

शेवटी गुरुत्वमध्य पाहावा. पतंगाची कण्णी बोटभर वरखाली बांधली गेली तर त्याचा स्वभावच बदलतो. विमानात तेच काम बॅटरीच्या जागेवर अवलंबून असते. प्रथम गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या एकतृतीयांश अंतरावर येईल अशी बॅटरी बसवावी. हात बसल्यावर ती थोडीथोडी मागे सरकवावी. तसतसे विमान अधिक चपळ, पण अधिक अस्थिर होत जाईल.

उड्डाण

पहिले उड्डाण वारा पडलेला असताना, सकाळी, मोकळ्या मैदानावर करावे. दोन चुका सावरता येतील इतकी उंची आधी गाठावी. नवशिक्याची खरी अडचण विमान त्याच्याकडे तोंड करून येऊ लागले की सुरू होते. कारण मग उजवेडावे उलटते. अशा वेळी जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूला दांडी न्यावी. पंख वर येतो. विमान उलटे असताना एलिव्हेटरचा अर्थही उलटा होतो, हे विसरून पुष्कळ विमाने जमिनीत नाक खुपसतात. सहा मिनिटांच्या आत विमान उतरवावे. लिथियमच्या बॅटरीतील प्रत्येक घटाचा दाब तीन व्होल्टच्या खाली गेल्यास ती कायमची निकामी होते.

जागेच्या निवडीत हयगय करू नये. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केले आहेत. उड्डाणापूर्वी अधिकृत नकाशावर आपली जागा पाहणे आवश्यक आहे; लखनौत अमौसी विमानतळाच्या परिसराबाबत तर हे विशेषच पाळावे. जमघटाच्या दिवशी विमान पेटीतच ठेवावे. पंख्यात अडकलेला मांजा मोटर बंद पाडतो आणि विमान गर्दीवर कोसळू शकते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, ती माणसांचे व पक्ष्यांचे जीव गेल्यामुळेच. आकाशातील खेळाची जबाबदारी दोर हाती असणाऱ्यावर जेवढी असते, तेवढीच दोर नसणाऱ्यावरही असते.

पहिले विमान पडेल हे धरूनच चालावे. ते उचलून चिरा जोडाव्यात, जोडलेले विमान पुन्हा तोलावे आणि वाढलेले प्रत्येक ग्रॅम वहीत नोंदवावे. काही महिन्यांनी ही वही चाळताना आपल्या बोटांत स्थैर्य कसकसे येत गेले, हे तिच्यावरूनच कळून येईल.